दादाचे सोळा ठोके

"गिटारवाला अजून यायचाय का?" साउंडवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"यायचा नाही," वन्सं म्हणाली.

"मग कीबोर्डवाला?"

"तोही नाही."

"मग बाकीचा बँड?"

वन्संनं ड्रमच्या मागून आधी स्वतःकडे बोट दाखवलं, मग पुढे वायरींच्या गुंत्यात उकिडवी बसलेल्या वहिनीकडे. "मोजून घ्या. एक, दोन. संपला बँड."

साउंडवाला नवीन होता. त्यानं बिचाऱ्यानं मिक्सरवर बारा चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. त्यातल्या सात त्यानं निमूट सोलून काढल्या, त्यांच्या गोळ्या करून खिशात टाकल्या आणि तो जरा काळजीनं म्हणाला, "एवढा मोठा हॉल आहे, ताई. दोघींत भरेल का?"

"हॉल माणसांनी भरायचा असतो," वहिनी उठत म्हणाली. "आवाजाचं आम्ही बघतो." तिनं पायाखालच्या, आवाज फाडणाऱ्या छोट्या पेटीवर बूट दाबला आणि बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर एक फटका मारला. हॉल म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. त्याच्या छताचे पत्रे असे काही थरथरले की वरची कबुतरं एकदम उडाली आणि बराच वेळ खाली यायला तयार होईनात.

वन्सं हे काही तिचं नाव नव्हे. ती वहिनीची धाकटी नणंद. वहिनी लग्न होऊन घरी आली तेव्हा नणंदेला वन्सं म्हणायची रीत कधीच मागे पडली होती. पण वहिनीनं पहिल्याच दिवशी चेष्टेनं "वन्सं, साबण कुठाय?" असं विचारलं आणि ती हाक जी चिकटली ती चिकटलीच. हाक आदराची आणि बोलणं अगं-तुगंचं. पुढे शेजारीपाजारी, तिच्या कामावरचे लोक, कार्यक्रमाला येणारी विशीतली पोरं, सगळेच वन्सं म्हणायला लागले. नात्यानं पाहिलं तर त्यांतल्या एकाचीही ती नणंद लागत नव्हती. बँडचं नाव अर्थातच 'नणंद-भावजय'. एकीचं वय त्रेचाळीस, दुसरीचं सत्तेचाळीस.

दोघींचा आवाज कसा होता, हे ज्यानं तो ऐकला नाही त्याला सांगणं अवघड आहे. वहिनी सकाळ-दुपार शाळेची गाडी चालवायची. चाळीस पोरांच्या कालव्यावर जिचा आवाज चढतो, तिला माइक हा केवळ शिष्टाचार. तिचा बास त्या पेटीतून गेला की घोगरा, खरखरीत होऊन यायचा, बिघडलेला ट्रक मोठ्या आनंदानं घाट चढतोय असा. त्याच्या खाली वन्संचा मोठा ड्रम पायानं सरळ, न थकता, धप धप धप. वर झांजेची उघडमीट. मध्ये काही नाही. जिथं इतर बँड दहा वस्तू कोंबतात तिथं या दोघी चक्क मोकळी जागा ठेवायच्या, आणि त्या जागेत ऐकणाऱ्याचे पाय आपोआप जायचे. हाताची घडी घालून आलेली माणसं दुसऱ्या गाण्याला खांदे हलवायची आणि तिसऱ्याला घामाघूम व्हायची.

गाणीही घरचीच. सगळ्यात लाडकं गाणं 'साहेब जेवायला गेलेत'. त्यात वहिनी ओरडायची, "साहेब कुठं गेले?" वन्सं ड्रममागून उत्तर द्यायची, "जेवायला!" "कधी येणार?" "माहीत नाही!" कुठल्यातरी कचेरीच्या खिडकीपुढे ज्याचे पाय दुखले आहेत, असा प्रत्येक जण ते गाणं छाती फुटेस्तोवर म्हणायचा.

हे गाणं दादाचं. वन्संचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो होता तेव्हा बँड तिघांचा होता. दादा गिटार वाजवायचा म्हणण्यापेक्षा गिटारीशी भांडायचा, आणि दर वेळी आपणच जिंकलो असं तोंड करून घरी यायचा. "माहीत नाही" झालं की दोघी थांबायच्या आणि दादा सोळा ठोके एकटा धुमाकूळ घालायचा. मग तिघं एकदम तुटून पडायचे.

सहा वर्षांपूर्वी तो तीन आठवड्यांच्या आजारात गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी एक कार्यक्रम आधीच ठरलेला होता आणि तो रद्द करायचं दोघींनाही सुचलं नाही. कोणतं गाणं वगळायचं, कुठं वहिनीनं जास्त वाजवायचं, सगळं त्यांनी कागदावर मांडलं. ती खरखरीत पेटी तेव्हाच आणली, गिटारीची उणीव भासू नये म्हणून. फक्त त्या सोळा ठोक्यांचं ठरवायचं राहून गेलं. स्टेजवर ती जागा आली आणि दोघी सवयीनं थांबल्या. वन्संचा पाय तेवढा आपला आपण चालत राहिला, धप धप धप. वहिनीनं मागे वळून पाहिलं. वन्संनं मनात मोजलं, सोळाव्याला हनुवटी उचलली आणि दोघी एकदम कोसळल्या. लोकांना वाटलं, ही साहेबांची वाट बघण्याची गंमत आहे. त्या रिकाम्या सोळा ठोक्यांत लोक असे नाचले की विचारता सोय नाही. तेव्हापासून ती जागा तशीच राहिली. तिथं खरं कोण उभं असतं, हे फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्या एकमेकींशीही कधी बोलल्या नव्हत्या.

वन्सं पोटासाठी कपबशांच्या कारखान्यात होती. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्यापुढे यायचा. ती लाकडी हातोडीनं त्याला हलकेच टिचकी मारायची. 'ठण्ण' आला तर पुढे, 'ठद्द' आला तर टोपलीत. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला सापडते. सतरा वर्षं, दिवसाला दोनेक हजार कप. सुपरवायझर म्हणायचा, "वन्संच्या हातून चिरलेला कप गेला, तर मी त्यातूनच चहा पिईन." त्याच्यावर तशी वेळ कधी आली नाही.

असा कान असल्यावर वहिनीच्या बासमधला बदल तिला कळायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांपासून वहिनी हलकी वाजवत होती. चुकत नव्हती. उलट चांगलं वाजवत होती. तारेवरून बोट उठताना पूर्वी एक ओढ असायची, ती नाहीशी झाली होती. वन्संनं पेटी तपासली, तारा बदलल्या, वायर हलवून पाहिली. सामानात खोट नव्हती. मग तिनं तो विषय सोडून दिला. आपली वहिनी आपल्यापासून काही लपवून ठेवील, ही शंका तिच्या मनाला शिवलीही नाही.

एक बेकरीवाला गेल्या पाच कार्यक्रमांना येऊन दाराजवळ उभा राहत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, शांत गृहस्थ. पहाटे साडेतीनला उठणारा, म्हणून संध्याकाळी सातला जांभया देणारा. कानात कापसाचे दोन मोठे बोळे. वन्संची समजूत अशी की हा हॉलच्या कँटीनला पाव पोचवायला येतो आणि रिकामे ट्रे परत न्यायला थांबतो. एकदा तिनं त्याला "काका, ट्रे मागच्या दाराला असतील" असंही सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला होता आणि खरंच मागच्या दाराला जाऊन आला होता.

आवाजाची तपासणी आटोपल्यावर दोघी मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसल्या. कार्यक्रमाला अजून दोन तास होते. वहिनीनं चहात फुंकर घातली, पण तो प्यायली नाही.

"दोन गोष्टी सांगायच्यात. एक आनंदाची आहे. दुसरी तुला आवडणार नाही."

"न आवडणारी आधी सांग."

"मला ते सोळा ठोके भरायचेत. तिथं मी बास वाजवीन. बसवूनही ठेवलंय मी."

वन्संनं कप खाली ठेवला. "आणि आनंदाची?"

"मी लग्न करतेय. बेकरीवाल्याशी."

"कुठला बेकरीवाला?"

"तू ज्यांना ट्रे आणायला पाठवलंस ते."

एरवी वन्सं यावर आठवडाभर हसली असती. आता तिच्या तोंडून भलतंच निघालं. "म्हणजे तुझा माणूस आला, म्हणून माझ्या भावाची जागा पुसून टाकायची?"

बाण सुटला तो सुटला. वहिनीनं हातातला कप नुसताच फिरवला. तिला राग येतो तेव्हा ती गाडीतल्या पोरांना दरडावावं तशी दरडावते, हे वन्संला माहीत होतं. आज ती दरडावली नाही.

"तुझा पाय चालू असतो गं तेव्हा," वहिनी म्हणाली. "तुला काम असतं. मी काय करते ते पाहिलंयस कधी? मी नुसती उभी असते. तीनशे माणसं नाचत असतात आणि मी हात लोंबकळत सोडून त्याच्या शेजारी उभी. आणि तो तिथं नसतो. सहा वर्षं, प्रत्येक कार्यक्रमाला. तुला ती त्याची आठवण वाटते. मला दर वेळी डॉक्टरांनी बाहेर बोलावल्यासारखं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या तोंडावर इतकं समाधान असायचं तेव्हा. कुठल्या तोंडानं सांगू?" वहिनीनं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "आज नेहमीसारखंच करू. तुझ्या मनाविरुद्ध मी काही वाजवणार नाही. गाडी सावलीत लावून येते." आणि ती किल्ल्या घेऊन गेली.

वन्सं पायरीवरच बसून राहिली. तिला स्वतःचा राग आला, वहिनीचा आला, त्या कापसाच्या बोळ्यांचाही आला. पण रागाच्या तळाशी भीती होती आणि ती तिला चांगली ओळखू येत होती. आई गेल्यावर घरात त्या दोघीच होत्या. वहिनी म्हणजे भावाची बायको. भाऊ नाही, आणि उद्या तीही दुसऱ्याची बायको होणार. मग आपली ती कोण? तिला हाक तरी काय मारायची? दादा गेला तेव्हा निदान रडायला शेजारी वहिनी होती. वहिनी गेल्यावर कुणाच्या गळ्यात पडायचं, हे वन्संला काही केल्या सुचेना.

आणि ते दुसरं. दिवसाला दोन हजार कप तपासणाऱ्या बाईला आपल्याच घरातला एवढा मोठा तडा सहा वर्षं ऐकू आला नव्हता. याची तिला मनापासून लाज वाटली.

सात वाजता हॉल भरला. माणसांनीच भरला. पहिल्या गाण्याला वहिनीनं पेटीवर बूट दाबला आणि पुढच्या रांगेतली पोरं एकदमच उसळली. वन्सं आज नेहमीपेक्षा जोरात वाजवत होती. झांजेवरून घाम उडत होता, उजवा पाय धप धप धप करीत सगळ्या हॉलला हाकत होता. भांडून आलेल्या दोन बायका इतक्या एका जिवानं कशा वाजवू शकतात, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. हातांना भांडण कळत नसावं. साउंडवाला मान हलवता हलवता आपलं काम विसरला आणि एका गाण्यात वहिनीचा माइक चालू करायचाच राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती तशीही ऐकू येत होती.

पाचवं गाणं 'साहेब जेवायला गेलेत'.

"साहेब कुठं गेले?" वहिनी ओरडली.

"जेवायला!" वन्सं आणि तिच्याबरोबर तीनशे माणसं.

"कधी येणार?"

"माहीत नाही!"

आणि ती जागा आली. वहिनीचे हात थांबले. कबूल केल्याप्रमाणे तिनं तार सोडली आणि मागे वळून पाहिलं. वन्संचा पाय सवयीनं खाली निघाला होता. तो तिनं अर्ध्यात धरला. पायपट्टीवरून उचलून तिनं तो सरळ जमिनीवर ठेवला आणि दोन्ही काठ्या मांडीवर टेकल्या.

हॉलमध्ये काही म्हणजे काहीच वाजत नव्हतं. नाचणाऱ्यांचे पाय हवेत अडकल्यासारखे झाले. वन्सं मनात मोजत होती. एक, दोन, तीन. चौथ्यालाच हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पाचव्याला तिला उठून जावंसं वाटलं. सगळे आपल्याकडे बघताहेत, आपल्याकडे काम नाही, आणि शेजारी जो असायला हवा तो नाही. वहिनीनं बासची मान दोन्ही हातांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. ती मागे वळून बघते ती ठोका मिळवायला, असं वन्संला सहा वर्षं वाटत होतं. आज रिकाम्या हातांनी बसल्यावर तिला दिसलं, ती धरायला काहीतरी शोधत असते. वन्संचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

नवव्या ठोक्याला हॉलच्या मागच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या. बेकरीवाल्यानं कापसाच्या आडून फक्त पाहिलं होतं. दोघींचे हात थांबलेले, लोक थांबलेले, म्हणजे गाणं संपलं. तो मनापासून, दणदणीत टाळ्या वाजवत होता. कणीक तिंबून तयार झालेले तळवे ते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तो आणखी चार टाळ्या वाजवून थांबला आणि इकडेतिकडे बघत, एका कानातला बोळा काढून शेजारच्याला म्हणाला, "संपलं नाही का?"

हॉल हसला. वहिनीला तर हसू आवरेना, ती बासवर वाकून खदखदून हसली. दादा गेल्यापासून या जागेवर ती पहिल्यांदाच हसत होती. वन्संनं तिच्याकडे पाहिलं आणि हनुवटी उचलली. तिच्या मनातली मोजणी नवव्यालाच अडली होती, सोळा अजून झाले नव्हते.

वहिनीला कळलं. तिनं क्षणभर खात्री करून घेतली, मग तारेवर हात टाकला. तिनं बसवलेलं होतं ते साधं होतं. चार सूर, पण असे काही खालून फिरून येणारे, लोकांना गुडघ्यातून उचलणारे, की वन्संचा पाय परवानगी न घेताच त्यांच्या मागे निघाला. धप धप धप. झांज उघडली, मिटली. मोकळी जागा भरून वाहू लागली. सोळा ठोके झाले, बत्तीस झाले, चौसष्ट झाले, आणि दोघींपैकी कुणालाच ते थांबवावंसं वाटेना. बेकरीवाला दाराजवळ उभा राहून ठोक्याला सोडून डोलत होता. त्याचा ताल भयंकर होता. 'माणूस बरा आहे,' वन्संनं वाजवता वाजवता ठरवलं.

महिन्याभरानं लग्न झालं. सह्या, चार माणसं आणि बेकरीवाल्यानं स्वतः केलेला, एका बाजूला कललेला केक. वहिनी बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. तिचं कपाट न्यायला टेंपो आला त्या दिवशी वन्संनं मुद्दाम कामावर जास्तीची पाळी मागून घेतली. घरी परतल्यावर भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन दिसला. तिनं तिकडे पाठ करून जेवण केलं.

मंगळवार हा सरावाचा दिवस. संध्याकाळी सहाला दाराची बेल वाजली. वन्सं ड्रमवर बसली होती. तिला आधी वाटलं, शेजारचे आवाजाची तक्रार घेऊन आलेत. अजून वाजवायला सुरुवातही झाली नव्हती, तरी. काठ्या हातात तशाच घेऊन तिनं दार उघडलं.

बाहेर वहिनी उभी होती. पाठीवर बास, हातात पावाची पिशवी. एकोणीस वर्षं ज्या दारातून ती पायानंच दार ढकलून, आल्या आल्या "पाणी दे गं" म्हणत आत शिरायची, त्या दारात ती आता पाहुण्यासारखी, थोडी बाजूला सरकून उभी होती.

"बेल कशाला वाजवलीस?" वन्संनं विचारलं.

"किल्ली तुझ्या टेबलावर ठेवून गेले होते ना." वहिनीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि आता हे माझं घर थोडंच आहे. न विचारता कसं यायचं?"

वन्सं तिच्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती एक शब्द शोधत होती. कामावर कप वाजवताना शोधत होती, एकटीचा स्वयंपाक करताना शोधत होती. तो आता अगदी सहज, रागावल्यासारखा तोंडातून बाहेर पडला.

"माहेरी येताना कुणी बेल वाजवतं का गं, वहिनी?"

वहिनीनं पाठीवरचा बास सावरला. तिनं मान खाली घातली आणि ती आत आली. पाव टेबलावर ठेवला, बास बाहेर काढला, वायर जोडली. वायरीचं टोक दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. वन्सं ड्रममागे जाऊन बसली आणि तिनं काठीवर काठी मारून चारपर्यंत मोजलं.